मंद्रूपच्या माळावरची वळणं

सोलापूर, २८ जानेवारी २०२४

मेषकुलाधिपती, माळरानचक्रवर्ती, दहावी द्वितीय श्रेणी श्री. सिद्धाप्पा यांच्या पुढ्यात, वसतिगृहातील एकेकाळचा खाटशेजारी बाळकृष्ण हे पत्र सादर करीत आहे.

दूरध्वनी असता पत्र कशासाठी, असे तू विचारशील. दूरध्वनीवर माझी प्रस्तावना संपण्यापूर्वीच तू 'मेंढरं उसात शिरली' असे सांगून संभाषण तोडतोस. गेल्या वर्षात तुझी मेंढरे एकोणीस वेळा उसात शिरली. इंडीच्या बाजूला तितका ऊस तरी आहे काय, याविषयी मी साशंक आहे. पत्रात मला कोणी तोडू शकत नाही.

वार्ता अशी. तुमच्या मंद्रूपच्या माळावर जी दगडांची सात वर्तुळे आहेत, ज्यांना तुम्ही 'वळणं' असे अत्यंत अरसिक नाव देता, त्या महाचक्रव्यूहास अखेर कुंपण लाभले. ग्रामपंचायतीकडे मी चौदा अर्ज केले. पंधरावा येऊ नये या एकमेव हेतूने त्यांनी काटेरी तार मंजूर केली. फलक मी स्वहस्ते रंगवला: 'प्राचीन वारसा. प्रवेश निषिद्ध. दगडांस हस्तस्पर्श करू नये.' अनावरणास सरपंच, मी आणि एक शेळी असे तिघे उपस्थित होतो. पैकी शेळीने फलकाचा कोपरा चाखला आणि नापसंती व्यक्त केली.

तुला स्मरत असेल, नववीच्या मे महिन्यात मी मोडनिंबला घरी न जाता तुझ्याबरोबर माळावर आलो होतो. तुझ्या आईच्या, गोजाआईच्या, हातची भाकरी खाऊन मी त्या वर्तुळांत तासभर फिरलो. पुढे कित्येक वर्षांनी एका ग्रंथात भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावरच्या प्राचीन नाण्याचे चित्र पाहिले आणि जागीच बसलो. त्या नाण्यावर तुमचा माळ होता. तीच सात वर्तुळे, तीच आत जाता जाता बाहेर आणणारी वाट. तिथल्या कथेप्रमाणे त्या वाटेच्या मध्यावर अर्धा बैल आणि अर्धा माणूस असा राक्षस बसे. आता रोमचे व्यापारी आपल्या तेर गावापर्यंत येत, हे मी दरवर्षी शिकवतो. त्यांतला कोणी एक दक्षिणेकडे जाताना तुमच्या माळावर मुक्कामास थांबला, आणि वेळ जाईना म्हणून त्याने भुईवर आपल्या गावचे कोडे मांडले, ही कल्पना अकरा वर्षे माझ्या डोक्यातून उतरलेली नाही. लोक पिरॅमिड पाहण्यास सातासमुद्रापार जातात. मी मंद्रूपच्या एसटीत बसतो.

अकरा वर्षे प्रत्येक मे महिन्यात येऊन मी दगड न् दगड मोजला. नकाशा सिद्ध आहे. डिसेंबरात पुण्याहून तज्ज्ञ येणार आहेत. निवृत्तीस तीन वर्षे उरली, सिद्धाप्पा. जन्मभर इतरांनी शोधलेले जग शिकवले. एखादी गोष्ट आपणही शोधलेली असावी, इतकीच अपेक्षा.

गोजाआईस साष्टांग नमस्कार. माझ्या गुडघ्याविषयी विचारू नये. तो उत्तम आहे.

तुझा अद्याप अविस्मृत,
बाळकृष्ण

---

इंडी, २० फेब्रुवारी २०२४

बाळ्या,

तुझं पत्र बसप्पाच्या खताच्या दुकानात आठ दिवस पडून व्हतं. बसप्पाला कन्नडच वाचता येतं, तरी त्यानं उघडून बघितलं. म्हणाला, कोर्टाची नोटीस दिसती, जपून जा.

मी दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. सोपं करून. तिनं शेवटापर्यंत ऐकलं. मग एवढंच म्हणाली, "तारेला दार ठेवलंय का?"

दार ठेव. दिवाळीला लागतंय.

मध्यावर बैल-माणूस असतो म्हणून लिवलंयस. आमच्या वळणांत मध्यावर तसलं काय न्हाय. मध्यावर आई बसती.

गुडघ्याचं मी इचारलंच नव्हतं. म्हंजे दुखतोय.

सिद्धाप्पा

---

सोलापूर, १२ ऑक्टोबर २०२४

कुंपणद्वेष्ट्या मित्रवर्या,

सरपंचांकडून कळले की, तू पाडव्याच्या दिवशी कुंपण उघडावे अशी मागणी केली आहेस. हे कळताच माझ्या हातातील खडू गळून पडला. वर्गास वाटले, मला झटका आला. दोन विद्यार्थ्यांच्या मुद्रेवर आशा स्पष्ट दिसली.

तुमच्याकडे पाडव्याला मेंढरे रंगवून पळवतात, हे मी ऐकून आहे. प्रत्यक्ष पाहिलेले नाही, कारण दिवाळीत मी मोडनिंबला अभ्यंगस्नानात गुंतलेला असतो. उत्सव आनंदाचा आहे आणि त्यास माझा आशीर्वाद आहे, परंतु तो अन्यत्र व्हावा. ज्या दगडांनी दोन सहस्र वर्षे कोणाचा स्पर्श सोसला नाही, त्यांवरून दीडशे मेंढरे नेणे म्हणजे पोथीवर भाकरी थापणे होय. आज पाडवा, उद्या जत्रा, परवा कोणाचे तरी लग्न. दारामागून अपवाद येतो आणि अपवादामागून विनाश.

दोन महिन्यांत तज्ज्ञ येत आहेत. तोवर एकाही दगडास हात लागणार नाही, असे वचन मला दे. आजवर मी तुझ्याकडे दहावीच्या बीजगणिताव्यतिरिक्त काही मागितलेले नाही.

तुझी लेक सोनाली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षास गेल्याचे समजले. तिला म्हणावे, पाठ्यपुस्तकात गुडघ्यावर धडा असल्यास सरांना एक प्रत हवी. केवळ कुतूहल म्हणून.

तुझा वारसारक्षक,
बाळकृष्ण

---

भीमेच्या पलीकडून, ६ नोव्हेंबर २०२४

बाळ्या,

हात लावला न्हाय. तू वचन मागितलंस, मी पाळलं.

आई पाडव्याला दिवस उगवायला जाऊन तारेबाहेर बसली. मी म्हटलं, चल, तर म्हणाली, बसू दे. उन्हं उतरल्यावर उठली.

मग आमी निघालो. चार मेंढरं लंगडत व्हती, ते वाटेत कळलं. एक पुलावर बसलं, ते उठलंच न्हाय.

एवढंच.

सिद्धाप्पा

---

सोलापूर, २३ डिसेंबर २०२४

सिद्धाप्पा,

आज विशेषणे नाहीत.

पुण्याच्या डॉ. निवेदिता येऊन गेल्या. विदुषी अत्यंत सौम्य आहेत. माझे पंचेचाळीस मिनिटांचे प्रास्ताविक त्यांनी उन्हात उभे राहून ऐकले. मग विचारले, एक दगड उचलून पाहू का. मी मोठ्या मनाने अनुज्ञा दिली. तिसऱ्या वर्तुळातील दगड त्यांनी दोन्ही हातांनी हळुवार उचलला, एखाद्या नवजात अर्भकासारखा.

खाली शांपूची पुडी होती.

निळ्या रंगाची, फाडलेली, अक्षरे शाबूत. त्यांनी आणखी सहा दगड उचलले. एकाही दगडाखाली जुनी माती बसलेली नाही, गवताची मुळे रुतलेली नाहीत. एखादा दगड दोन हजार वर्षे पडून असेल तर तो जमिनीत जातो, सर, असे त्या म्हणाल्या, आणि हे दगड तर गेल्या एक-दोन वर्षांत ठेवल्यासारखे वाटतात. मी सोबत नेलेले नाण्याचे चित्र पिशवीतून काढलेच नाही.

कोणीतरी माझी थट्टा केली आहे. अकरा वर्षे मी ज्यास प्राचीन म्हणून वंदन केले, ते कोणीतरी मागून रचत होते, आणि ते तुला ठाऊक असणार, कारण माळ तुझा आहे. दिवाळीला दार लागते ते याचसाठी होते काय? तू मला आधी का सांगितले नाहीस?

बाळकृष्ण

---

इंडी, १० जानेवारी २०२५

बाळ्या,

तू इचारलं कवा?

अकरा वर्षं आलास. फीत लावून मोजलंस, वह्या भरल्यास, आमाला रोमचा व्यापारी सांगितलास. दर वेळी मेमधी आलास. मेमधी वळणं नुसती पडून असत्यात. पाडव्याला आला असतास तर बघितलं असतंस. लपवायचं काय त्यात? जनावरं धुतो ते कोण कुणाला पत्रानं कळवतं का?

ऐक आता. दर पाडव्याला घरच्या बाया एकेक दगड उचलत्यात, पालथा करत्यात आणि परत तितंच ठेवत्यात. पालथा केला की खालचा इंचू निघून जातो, गवत धरत न्हाय. पावसानं सरकलेला दगड जाग्यावर येतो. आईच्या आधी तिची सासू करत व्हती, तिच्या आधी तिची. कोणी पहिलं मांडलं ते ठाव न्हाय. रोमचा असंल तर असंल, आमाला काय अडचण न्हाय.

दगड लागले की सगळा कळप एका ओळीनं आत सोडायचा. सरळ वाटेवर मेंढरू लंगडं हाय का कळत न्हाय, ते लपवतं. वळणावर लपत न्हाय. आई मध्यावर घोंगडी टाकून बसती आणि पाय बघती. चांगलं असंल ते पुढं जातं, लंगडं असंल ते मागं ऱ्हातं. मग आमी चार महिन्यांच्या वाटंला लागतो.

पुडी सोनालीची. बाईमाणूस दगड लावून हात धुणार का न्हाय?

तुझी थट्टा कोणी केली न्हाय. पुलावर मेलेलं मेंढरू आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं व्हतं. हे तुला सांगणार नव्हतो.

सिद्धाप्पा

---

सोलापूर, १९ जून २०२५

प्रिय सिद्धाप्पा,

पाच महिने मी लिहिले नाही. जानेवारीतील तुझे पत्र मी शाळेच्या खणात ठेवले आणि रोज मधल्या सुटीत वाचले. स्वतः न लिहिता दुसऱ्याचे लिहिलेले इतक्यांदा वाचण्याची माझी ही पहिलीच वेळ असल्याने मुख्याध्यापकांनी प्रकृतीची चौकशी केली.

मार्चमध्ये डॉ. निवेदितांना तुझे म्हणणे कळवले. वाटले होते, त्या हसतील. त्यांनी दूरध्वनी केला आणि एकच वाक्य बोलल्या: "सर, दगडांचं वय विसरा, त्या हातांचं वय किती ते विचारा." नंतर त्यांनी वाचावयास जे पाठवले, त्याने माझे अज्ञान इतके विस्तृत असल्याचे सिद्ध झाले की, त्यास स्वतंत्र कुंपण लागावे.

पेरू देशात एका खोल दरीवर गवताचा पूल आहे. गवताचा, सिद्धाप्पा. आसपासची चार गावे दर जूनमध्ये जमतात, गवत वळतात, दोर करतात, तीन-चार दिवसांत नवा पूल बांधतात आणि जुना कापून नदीत सोडतात. बांधणाऱ्यांचे साम्राज्य बुडाले, जिंकणारे आले, तेही गेले, पूल आहे. त्यातील एकही काडी दीड वर्षाहून जुनी नाही आणि पूल पाचशे वर्षांचा आहे. इंग्लंडात एका टेकडीवर खडूचा पांढरा घोडा कोरलेला आहे, शंभर पावलांहून लांब. तीन हजार वर्षे तो दिसतो, कारण तीन हजार वर्षे कोणी ना कोणी जाऊन त्यावरचे गवत खरवडते आणि नवा खडू ठोकते. एका पिढीने कंटाळा केला असता तर तो घोडा टेकडीने गिळला असता. जपानातील एक महामंदिर दर वीस वर्षांनी मुळापासून नवे बांधतात, शेजारच्या रिकाम्या जागेवर, अशी तेराशे वर्षे.

आणि मी, बाळकृष्ण, संस्कृत व इतिहास, वर्ग आठवा ते दहावा, अशा एका गोष्टीभोवती काटेरी तार ओढून तिच्यावर 'हस्तस्पर्श करू नये' असे लिहून आलो. जगात आश्चर्ये मारण्याचे अनेक मार्ग आहेत; ती जपून मारण्याचा मार्ग मी शोधला. एक तरी शोध लागावा ही इच्छा या रीतीने पूर्ण झाली.

पाडव्यापूर्वी कुंपण निघेल. लावण्यास चौदा अर्ज लागले होते. काढण्याचे आजवर सतरा झाले. गोजाआईस सांग की, यंदा दार ठेवणार नाही, तारच ठेवणार नाही. पुलावरच्या मेंढराबद्दल मी काय लिहू? मजजवळ शब्द पुष्कळ आहेत. त्यांतला एकही त्यासाठी नाही.

बाळू

---

मंद्रूप, २ ऑक्टोबर २०२५

बाळ्या,

घोड्याचं आईला लई आवडलं. म्हणाली, खरवडणाऱ्या बायांना माझा नमस्कार कळव. हे ऑगस्टमधलं. आता ती बोलत न्हाय.

गणपतीच्या आधी तिला अर्धांग झालं. उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं सगळं. डाव्या हातात काठी धरती. डॉक्टर म्हणाले, वेळ लागंल.

मग भादव्याचा पाऊस तुला ठाव हाय. माळावरनं पाणी वाहिलं. मी काल जाऊन बघितलं. बाहेरची दोन वळणं जाग्यावर हायत, आतली विस्कटली. एक साल दगड पालथे न्हाय केले, गवत चढलं, वर पाणी आलं. कुटला दगड कुटला, काय कळत न्हाय. मला इचारशील तर मी कळपाच्या पुढं चालतो, दगड बघून चालतो. दगड न्हाईत तर वाट न्हाय. बाकीच्या बाया दगड जाग्यावरच पालथा करत्यात, मुळात मांडायचं आईलाच ठाव. गेल्या पाडव्याला आई सोनालीला शिकवणार व्हती. तवा तार व्हती.

तार परवा काढली. पाडवा बावीस तारखेला हाय. आई रोज काठीनं माळाकडं दाखवती. तिला बाकी कशाचं काय न्हाय, हे एक तिच्या डोळ्यांदेखत व्हावं एवढंच.

पर तुझ्याकडं नकाशा हाय. अकरा वर्षं दगड न् दगड मोजलेला. तो पाठव. सोनाली त्याच्यावरनं मांडंल. आता तुझं मोजणंच उपेगाला येणार बघ.

सिद्धाप्पा

---

सोलापूर, ७ ऑक्टोबर २०२५

सिद्धाप्पा,

नकाशा पाठवत नाही. कारण ऐक आणि मग मला हवे ते म्हण.

तो खोटा आहे.

बाहेरची पाच वर्तुळे मी खरी काढली. आतील भागात मला एक गोष्ट आढळली, जी क्रीटच्या नाण्यावर नाही. नाण्यावर वाट मध्यावर जाऊन संपते. तुमच्याकडे मध्यापाशी वाटेला दोन फाटे होते: एक सरळ बाहेर जाणारी अरुंद बोळ आणि एक लहानसा, पुढे वाट नसलेला आंधळा कोपरा. मला वाटले, अडाणी माणसांच्या हातून काळाच्या ओघात चूक झाली असावी. शास्त्र असे सांगत नाही, म्हणून मी ती दुरुस्त केली. बोळ बुजवली, कोपरा पुसला, वाट मध्यावर संपवली. कच्च्या नोंदींवर 'त्रुटी' असे लिहिले आणि नकाशा पक्का झाल्यावर त्या वह्या रद्दीत दिल्या. बोळ कोणत्या अंगास होती आणि कोपरा किती मोठा होता, हे आज मला आठवत नाही. तीन दिवस प्रयत्न करतो आहे.

ज्याच्यावर भरवसा ठेवून तू लिहिलेस, तो मनुष्य तुमच्या वळणांवर तांबड्या शाईने शेरा मारून आला होता. आधी कुंपण घालून मी तुमची मांडणी मोडली. आणि ती जिथे वाचू शकली असती तिथेही मीच ती पुसली. जूनच्या पत्रात हे लिहिण्याचे धैर्य झाले नाही.

मला यावेसे वाटते. कोणत्या तोंडाने, ते कळत नाही.

बाळू

---

मंद्रूप, १२ ऑक्टोबर २०२५

बाळ्या,

आईला वाचून दाखवलं. 'अडाणी' म्हटल्यावर तिनं काठी आपटली. तेवढ्या वेळात तू पुढ्यात असतास तर लागली असती.

मग डोळे मिटून पडली. मला वाटलं, झोपली. तर काठीनं वाड्याकडं दाखवायला लागली, मेंढरांच्या. मी एकेक मेंढरू पुढं आणलं, ती मान हलवती, न्हाय न्हाय. शेवटी चांदणीला आणली तवा काठी खाली ठेवली.

चांदणी आमची म्हातारी मेंढी, कपाळावर पांढरं. नऊ वर्षांची, दात गेलेत. आठ पाडवे ती वळणांतनं गेली. म्हातारं मेंढरू आपली वाट सोडत न्हाय, हे मला कळायला पायजे व्हतं, मी आयुष्य मेंढरांतच काढलंय.

नकाशा नको. तू ये. कोणत्या तोंडानं ते नंतर बघू, हात घेऊन ये. सोनालीला माणूस कमी पडतंय.

सिद्धाप्पा

---

मंद्रूप, २७ ऑक्टोबर २०२५

मेषकुलाधिपती, माळरानचक्रवर्ती इत्यादी इत्यादी,

तू पाडव्यालाच दुपारी कळप घेऊन निघालास आणि इंडीपर्यंतच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ही हकीकत चुकीची सांगत जाशील, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तेव्हा अधिकृत वृत्तांत येथे नोंदवून ठेवत आहे. तुझ्या आवृत्तीशी विरोध आल्यास हीच ग्राह्य धरावी.

एकविसाच्या सकाळी तू आणि सोनालीने गोजाआईस खाटेसह उचलून माळावर आणले आणि विस्कटलेल्या दगडांच्या मध्यावर घोंगडीवर बसवले. चांदणीस बाहेरच्या तोंडापाशी सोडले. तिच्यामागे सोनाली, हातात चुन्याची पिशवी; जिथून मेंढी जाईल तिथे पांढरी रेघ. सोनालीच्या मागे तू, कपाळावर हात. आणि शेवटी मी, गुडघ्यांवर, दगड उचलत, पालथे करत, रेघेच्या दोन्ही अंगांना ठेवत. पहिल्याच दगडाखाली विंचू होता. मी संस्कृतात काहीतरी बोललो, असे सोनाली सांगते. ते संस्कृत नव्हते.

सिद्धाप्पा, मी लिहिता-वाचता झाल्यापासून विद्वत्तेची अनेक दर्शने घेतली आहेत. परंतु दात गेलेली एक मेंढी विस्कटलेल्या माळावर आपल्या पायांतील आठ पाडवे काढून एकेक पुढे मांडत आहे, असे दर्शन मी पाहिले नव्हते. आत जावे असे वाटते तिथे ती बाहेर वळे. दगडांचा मागमूस नाही तिथे ती अंग चोरून जाई, जणू दोन्ही बाजूंना ते आहेतच. चौथ्या वळणावर ती थांबली आणि तिने वीस मिनिटे गवत खाल्ले. तू म्हणालास, विसरली. मी म्हणालो, चिंतन करीत आहे. पाचव्यानंतर ती एकदाच चुकली, आणि गोजाआईने डाव्या हाताने काठी दोनदा आपटली. चांदणी उभी राहिली, मागे फिरली आणि योग्य वाटेस लागली. दोन म्हाताऱ्यांचे ते संभाषण आपल्यापैकी कोणास कळले नाही, आणि आपली गरजही नव्हती.

संध्याकाळी ती मध्याशी पोहोचली. वाट तिथे संपली नाही. चांदणीने गोजाआईचा हात हुंगला आणि डावीकडे वळून सरळ बाहेर निघून गेली. बोळ डाव्या अंगास होती. मी रेघेच्या दोन्ही अंगांना दगड ठेवत गेलो. उजवीकडे राहिलेल्या जागेकडे गोजाआईने काठी दाखवली आणि मातीत एक लहान अर्धवर्तुळ ओढले. तोच माझा आंधळा कोपरा. मी त्याभोवती दगड लावले आणि तरीही, इतके शिकून, मला तो कशासाठी आहे हे सुचले नाही.

पाडव्याला कळप आत गेला. एकशे अडतीस मेंढरे, गुलाल लावलेली, एका ओळीत. त्या वाटेच्या मध्यावर क्रीटमध्ये राक्षस बसे आणि येणाऱ्यास खाई, असे मी शिकवत आलो. मंद्रूपला मध्यावर एक अर्धांग झालेली बाई बसते आणि येणाऱ्याचे पाय पाहते. मेंढरू वळले की तिचे डोळे खुरांवर. चांगले असेल तर काठी डावीकडे, ते बोळीतून रस्त्याला. लंगडे असेल तर काठी उजवीकडे. कोपऱ्यात एकामागून एक तीन मेंढरे जमली, आणि ज्यास मी 'त्रुटी' म्हटले होते त्यासाठीच ही सारी सात वर्तुळे मांडली आहेत, हे मला तेव्हा दिसले. त्या तिघांना वाटेवर मरू द्यायचे नाही, इतकाच त्या महाचक्रव्यूहाचा अर्थ.

सोनालीने सर्व पाहिले. रात्री तिने वहीत नव्हे, चुलीपुढच्या राखेत बोटाने ती वळणे तीनदा काढली, मोडली, पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काठी आपटली गेली नाही.

यानंतरचा भाग तू पाहिला नाहीस, कारण तू कळपापुढे निघून गेला होतास. शेवटचे मेंढरू बाहेर पडल्यावर मला वाटले, अकरा वर्षांच्या अभ्यासकाने समारोपादाखल एकदा तरी विधिपूर्वक या वाटेने चालावे. मी उपरणे सावरले आणि आत शिरलो. सरळ वाटेवर मी उत्तम चाललो. वळणांवरही, माझ्या मते, उत्तमच चाललो. मध्याशी पोहोचून मी गोजाआईस वाकून नमस्कार केला आणि भारदस्तपणे डावीकडे वळलो.

काठी आडवी आली. मग ती उजवीकडे वळली.

मला वाटले, काठी चुकून वळली असेल. मी पुन्हा डावीकडे पाऊल टाकले. काठी पुन्हा उजवीकडे. सोनाली पदर तोंडाला लावून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "सर, आजीनं दुसऱ्या वळणावरच बघितलं. तुमी हितं बसा."

मी तीन मेंढरांशेजारी जाऊन बसलो.

आज पाचवा दिवस. शाळेस दिवाळीची सुटी आहे, त्यामुळे राष्ट्राची हानी मर्यादित आहे. रोज सकाळी सोनाली ओव्याचे तेल कोमट करून माझ्या गुडघ्यास चोळते आणि वर एरंडाचे पान बांधते; तेच तेल, तेच पान, आधी मेंढरांना, मग मला. तुझी शंका बरोबर होती, गुडघा दोन वर्षे दुखतो आहे. माझा फलक सोनालीने पालथा करून गोजाआईच्या खाटेशेजारी मांडला असून त्यावर औषधाच्या बाटल्या आणि भाकरीची टोपली असते. त्यास आता दिवसभर हस्तस्पर्श होतो. डॉ. निवेदितांना नवा नकाशा पाठवला. त्यावर त्या कोपऱ्याला 'लंगड्यांची जागा' असे नाव दिले आहे. हातांचे वय किती, या त्यांच्या प्रश्नास मी उत्तर लिहिले: सोनाली, वय तेवीस, आणि मागे मोजता येईल तितके.

तेलपाणी झाले की गोजाआई आम्हा चौघांना पुढ्यातून एक फेरी मारावयास लावते आणि पाय पाहते. आज सकाळी दोन मेंढरांना जाण्याची अनुज्ञा मिळाली. बसप्पाकडे खत घेऊन निघालेल्या टेंपोतून ती तुझ्याकडे येत आहेत, हे पत्र त्यांच्याबरोबरच आहे. मी त्यांच्यामागून आशेने टेंपोकडे निघालो होतो.

काठी उजवीकडे वळली.

तुझा, जागेवर असलेला,
बाळू